कंपनी लिस्टिंग न्यूयॉर्कला हलवतेय, आमच्या शेअर्सचं काय होणार?

अनघा_लिमरिक

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलं असेल तर सांभाळून घ्या. नवरा इथल्या एका आयरिश कंपनीत अकरा वर्षं आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पगारातून दर महिन्याला थोडे थोडे कापून कंपनीचेच शेअर घेत गेलो, आता १,१४० झालेत. निम्मे अजून कंपनीच्या ट्रस्टकडे आहेत, निम्मे ब्रोकरकडे. लेकीच्या कॉलेजसाठी ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही असं आमचं ठरलेलं.

परवा जाडजूड पाकीट आलं. शंभरावर पानं, वर चेअरमनचं पत्र की मुख्य लिस्टिंग, म्हणजे शेअर ज्या बाजारात घेतले-विकले जातात ते ठिकाण, डब्लिनहून न्यूयॉर्कला न्यायचं आहे, सभा आहे, मत द्या, आणि आत गुलाबी फॉर्म. पान ३१ वर एक चौकट आहे, त्यात लिहिलंय की तुम्ही काहीच केलं नाहीत तर तुमचे शेअर आपोआप अमेरिकन व्यवस्थेत वर्ग होतील. ते "आपोआप" वाचूनच पोटात गोळा आला. नवरा म्हणतो काही होत नाही, सगळ्या कंपन्या जातायत. मला कळत नाहीये की आधीच विकून मोकळं व्हावं का, टॅक्स लागणार का, आणि तीनचार वर्षांनी आम्ही पुण्याला परत गेलो तर हे शेअर तिथून सांभाळता येतील का. कोणी या सगळ्यातून गेलंय का?

---

पराग_बी

अजिबात विकू नका. अमेरिकेत गेली की व्हॅल्युएशन वाढतंच, तिकडे पैसा जास्त आहे. सरळ हो म्हणून मत द्या आणि विसरून जा.

---

मिहीर_डब्लिन

अनघाताई, मी २०२३ मध्ये सीआरएचचा भागधारक म्हणून याच वाटेने गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पराग, "वाढतंच" हा शब्द मात्र मला पटत नाही, का ते खाली येईल.

सीआरएच म्हणजे सिमेंट, खडी, डांबरवाली कंपनी. १९७० मध्ये सिमेंट लिमिटेड आणि रोडस्टोन एकत्र येऊन झालेली, आयर्लंडमधल्या लोकांना अगदी घरची. मार्च २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की नफ्याचा साधारण पाऊण भाग उत्तर अमेरिकेतून येतो तर मुख्य लिस्टिंगही तिकडेच नेऊ. जूनमध्ये सभा झाली, प्रचंड बहुमताने ठराव पास झाला, आणि २५ सप्टेंबर २०२३ ला न्यूयॉर्क मुख्य झालं. डब्लिनच्या एक्स्चेंजवरून नाव गेलं, लंडनमध्ये दुय्यम लिस्टिंग ठेवलं.

आता त्या दिवशी माझ्या खात्यात काय झालं ते सांगतो. सकाळी आठला उठून बघितलं तर शेअर्सच्या जागी शून्य. खरंच शून्य दिसत होतं. दुपारपर्यंत माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी अडीचला, म्हणजे न्यूयॉर्कची घंटा वाजते तेव्हा, तेच शेअर तितकेच, नवीन चिन्हाखाली, डॉलरमध्ये दिसायला लागले. एकाला एक. कंपनी तीच, मालकी तीच, म्हणून माझ्या बाबतीत ती विक्री धरली गेली नाही आणि भांडवली नफ्यावरचा कर लागला नाही. तुमच्या "आपोआप"चा अर्थ बहुतेक हाच असणार, पण तुमच्या पाकिटात कराचा वेगळा भाग असेल तो शोधून वाचाच. कारण काही ठिकाणी वर नवीन कंपनी काढून जुन्या शेअरच्या बदल्यात नवीन शेअर देतात, आणि मग कराचा हिशोब देशागणिक बदलतो.

भावाचं बोलायचं तर गोष्ट अशी आहे की लिस्टिंग हलल्यावर कंपनी फुटसी १०० मधून, म्हणजे लंडनच्या बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातून, बाहेर पडली, आणि जे फंड तो निर्देशांक जसाच्या तसा पाळतात त्यांना विकणं भाग असतं, कंपनी चांगली की वाईट हा प्रश्नच त्यांच्यापुढे नसतो. समोर अमेरिकेतले इंडेक्स फंड लगेच घेतात असं सगळे गृहीत धरतात. तसं होत नाही. सीआरएचला एस अँड पी ५०० या अमेरिकेच्या मोठ्या निर्देशांकात जागा मिळायला डिसेंबर २०२५ उजाडला, म्हणजे सव्वादोन वर्षं गेली. विकणारे पहिल्या दिवशी ठरलेले, घेणारे कधी येतील ते निर्देशांक ठरवणाऱ्या समितीच्या हातात.

भाव वाढला का, तर हो, वाढला. सप्टेंबर २०२३ मध्ये ५५ डॉलरच्या आसपास होता, दोन वर्षांत दुप्पट झाला, मला फायदा झाला आणि ते मी लपवत नाही. पण ते सगळं श्रेय लिस्टिंगला देऊ नका. त्याच काळात अमेरिकेत सरकारी पैशातून रस्ते आणि पुलांची कामं धडाक्यात चालली होती आणि ही कंपनी नेमका तोच माल विकते. फ्लटर ही सट्टा-बेटिंगवाली कंपनीही २०२४ मध्ये न्यूयॉर्कला गेली, डब्लिन सोडलं, आणि २०२५ च्या उत्तरार्धात तिचा भाव जोरात खाली आला. गाव बदललं म्हणून धंदा बदलत नाही.

---

अनघा_लिमरिक

मिहीरदादा, मनापासून आभार. ते शून्याचं आधी सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर मी त्या दिवशी ब्रोकरला पन्नास फोन केले असते. डिव्हिडंडचं काय होतं? आणि लंडनला कोणी असेल तर तिकडचा अनुभवही सांगा प्लीज, आमच्या कंपनीचं तिथेही दुय्यम लिस्टिंग आहे.

---

मिहीर_डब्लिन

डिव्हिडंड वर्षातून दोनदा यायचा, तो नंतर तिमाही झाला. डॉलरमध्ये जाहीर होतो आणि ब्रोकर युरो करून देतो, त्या बदलाचे पैसे मात्र गुपचूप दरात कापतो, तेवढं बघा. पण खरा प्रश्न डिव्हिडंड किती वेळा येतो हा नाही, त्यावर कुठल्या देशाचा कर आधी कापला जातो हा आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

लिस्टिंग वेगळं, कंपनीची नोंदणी (म्हणजे ती कायद्याने कुठल्या देशाची) वेगळी, आणि कंपनी कर कुठे भरते ते वेगळं. या तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या नाहीत. सीआरएचचं फक्त लिस्टिंग गेलं, कंपनी आयरिशच राहिली. म्हणून डिव्हिडंडवर आयर्लंडचा २५ टक्के कर आधीसारखाच कापला जातो, इथे राहणाऱ्याला तो रिटर्नमध्ये वळता होतो, आणि करार असलेल्या देशात राहणारा योग्य फॉर्म भरून त्यातून सूट मागू शकतो. अमेरिकेचा डिव्हिडंड कर तिथे आलाच नाही. उलट एक फायदा असा झाला की आयरिश कंपनीचा शेअर घेताना १ टक्का स्टॅम्प ड्युटी बसायची, ती अमेरिकन डिपॉझिटरीमार्फत (शेअर सांभाळणारी तिकडची संस्था) होणाऱ्या व्यवहारांना लागत नाही.

आता फर्ग्युसन बघा, ती प्लंबिंगच्या सामानवाली. २०२१ मध्ये न्यूयॉर्कला दुय्यम लिस्टिंग, मे २०२२ मध्ये मुख्य लिस्टिंग, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वर नवीन अमेरिकन कंपनी, डेलावेअरची. प्रत्येक पायरीला लोकांना वाटलं आता हे शेवटचं. शेवटच्या पायरीला डिव्हिडंड अमेरिकन कंपनीचा झाला, म्हणजे डब्ल्यू-८बीईएन फॉर्म (आपण अमेरिकन नाही हे कळवणारा) आणि अमेरिकेचा आधी कापलेला कर. तेव्हा तुमच्या पाकिटात "नोंदणी" किंवा "डोमिसाइल" हा शब्द कुठे कुठे आहे ते पेन्सिल घेऊन शोधा. माझं स्पष्ट मत आहे की बाकी शंभर पानांपेक्षा त्या दोन ओळी महत्त्वाच्या.

---

सुलभा_हॅरो

मी लंडनजवळ २२ वर्षं आहे. अनघा, तुझ्या लेकीएवढी माझी होती तेव्हापासून मी थोडे थोडे शेअर घेते. मी मतदानाबद्दल लिहिते कारण सगळे "आपण लहान, आपल्या मताला कोण विचारतो" म्हणतात.

युनिलिव्हरचं आठवतंय का? मार्च २०१८ मध्ये त्यांनी ठरवलं की लंडन आणि रॉटरडॅम अशी दोन मुख्यालयं नकोत, सगळं रॉटरडॅमला न्यायचं. म्हणजे फुटसी १०० मधून बाहेर. ब्रिटिश भागधारकांचा सवाल साधा होता, आमच्या फंडांना नियमाने विकावं लागणार, त्याचा तोटा आम्ही का सोसायचा, आणि त्या बदल्यात आम्हाला काहीच नाही? ब्रिटिश कंपनीच्या बाजूला ७५ टक्के मतं लागणार होती. मोठे फंड एकेक करून उघड विरोधात आले आणि ५ ऑक्टोबर २०१८ ला कंपनीने मतदानाच्या आधीच योजना मागे घेतली. हॉलंडमधे सरकार डिव्हिडंडवरचा १५ टक्के कर रद्द करणार होतं, तेही त्यानंतर बारगळलं. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये तीच कंपनी एकत्र झाली, पण लंडनमध्ये. म्हणजे "नाही" म्हणता येतं.

बीएचपी या खाणवाल्या कंपनीचं उलट झालं. जानेवारी २०२२ मध्ये दोन कंपन्यांची एक ऑस्ट्रेलियन कंपनी झाली, एकाला एक शेअर मिळाले, मुख्य लिस्टिंग सिडनीला. माझ्याकडे होते. फुटसीमधून गेली, फंडांनी विकले, मी नाही विकले. ऑस्ट्रेलियात डिव्हिडंडबरोबर जी कराची जमा मिळते तिचा मला इथे काडीचा उपयोग नाही, ती तिथल्या करदात्यांसाठी. तेच शेअर, पण सिडनीतल्या माणसाच्या हातात थोडे जास्त किमतीचे. हे कोणी पहिल्या पानावर लिहीत नाही.

आणि मतदानाचं एक व्यावहारिक. ब्रोकरकडे शेअर असले की कंपनीच्या वहीत नाव ब्रोकरच्या नॉमिनीचं, म्हणजे सगळ्यांचे शेअर आपल्या नावे धरणाऱ्या त्याच्या संस्थेचं असतं, तुझं नाही. तू मत सांगितलं नाहीस तर ते कुणीच देत नाही. कोर्टाच्या मंजुरीने होणाऱ्या योजनेत जिथे शेअरांबरोबर भागधारकांची डोकीही मोजतात तिथे हजारो लोकांची मिळून एक नॉमिनी म्हणजे एक डोकं. ब्रोकरची मत कळवायची तारीख सभेच्या बरीच आधी असते, गुलाबी फॉर्मवरची तारीख बघून थांबू नकोस. मी एकदा तशी थांबले होते आणि वेबसाइटवरचं बटण राखाडी झालेलं बघून फार वाईट वाटलं.

---

गौरी_म्युनिक

सुलभाताईंनी फंडांचं लिहिलं त्यात भर. जर्मनीत लिंडेने उलटं कारण दिलं. औद्योगिक वायूंची कंपनी, २०१८ मध्ये अमेरिकेच्या प्रॅक्सएअरबरोबर एकत्र झाली, नोंदणी आयर्लंडमध्ये, लिस्टिंग फ्रँकफुर्ट आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे. डॅक्समध्ये, म्हणजे जर्मनीतल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात, ती एवढी मोठी झाली की एका कंपनीच्या वाट्यावरच्या १० टक्क्यांच्या मर्यादेला डोकं टेकायला लागलं. भाव वाढला की फंडांना नियमाने विकावं लागायचं, म्हणजे कंपनी चांगली चालली म्हणूनच तिच्या शेअरवर दबाव. जानेवारी २०२३ मध्ये भागधारकांनी होकार दिला आणि मार्चच्या सुरुवातीला ती फ्रँकफुर्टमधून बाहेर पडली. डॅक्समध्ये तिच्या जागी कॉमर्झबँक आली.

माझ्या ऑफिसमधले दोघंतिघं वैतागले होते. त्यांना वाटत होतं की बाहेर पडताना कंपनी रोख भाव देऊ करेल, पण इथे नवीन कंपनीचा शेअर एकाला एक मिळाला, बस. नंतर इथल्या छोट्या बाजारांत युरोमध्ये खरेदी-विक्री चालूच राहिली त्यामुळे शेअर अडकले नाहीत, पण खरी उलाढाल न्यूयॉर्कला, म्हणून सकाळी इथे भावातलं अंतर मोठं दिसतं. अनघा, विकायचे असतील तर दुपारी अडीचनंतर विक, सकाळी नको. डॅक्सची ती मर्यादा २०२४ मध्ये १५ टक्के केली, लिंडे गेल्यावर.

---

केदार_एडिसन

मी न्यू जर्सीतून, आणि माझी गोष्ट उलट्या दिशेची आहे. माझ्याकडे टाटा मोटर्सचे एडीएस होते, म्हणजे भारतातल्या शेअरच्या बदल्यात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पावत्या, न्यूयॉर्कला घेतलेले. एका एडीएसमागे भारतातले पाच शेअर. पुण्यात वडील नोकरीला होते त्या गावची कंपनी म्हणून भावनेने घेतले होते, खरं सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये नोटीस आली की कंपनी न्यूयॉर्कचं लिस्टिंग बंद करतेय, भारतात आता परदेशी गुंतवणूकदार सरळ येतात, तिकडची उलाढाल कमी झालीय. २३ जानेवारी २०२३ ला शेवटचा दिवस.

मला दोन वाटा होत्या. भारतात डिमॅट उघडून शेअर तिकडे घ्यायचे, त्याला जुलै २०२३ पर्यंत मुदत, नाहीतर नंतर डिपॉझिटरी बँक ते शेअर विकून पैसे देणार. मी एनआरआय खातं उघडायला घेतलं. पॅन होता पण त्यावर जुना पत्ता, एनआरआयचं बँक खातं वेगळं, कागद नोटरीकडून आणायचे, एकदा सही जुळली नाही म्हणून सगळं परत आलं. फोनवर ज्या बाईंशी बोललो त्या चांगल्या होत्या पण त्यांच्याही हातात नव्हतं. मे महिन्यात कंटाळून सोडून दिलं. पुढे टाटा मोटर्सचा भाव कुठे गेला ते सगळ्यांना माहीत आहे, २०२४ च्या मध्यात हजाराच्या वर होता. माझे शेअर तेव्हा माझे नव्हते.

सांगायचं एवढंच की कंपनी चुकीची नव्हती, नियमही उघड होते, पण ज्या देशात तुम्ही राहत नाही तिथल्या खात्याची तयारी नोटीस आल्यावर सुरू केली तर उशीर होतो. तुम्ही पुण्याला परत जाणार म्हणताय, तर तुमचा आयरिश ब्रोकर भारतात राहणाऱ्या माणसाचं खातं चालू ठेवतो का हे आजच विचारा. पुष्कळ ब्रोकर ठेवत नाहीत.

---

स्मिता_सीए_पुणे

केदारचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. परत येणाऱ्यांची कामं मी रोज बघते म्हणून भारतातलं लिहिते.

परत आल्यावर साधारण दोनतीन वर्षं "निवासी पण सामान्य निवासी नाही" असा दर्जा मिळू शकतो, त्या काळात परदेशातल्या अशा उत्पन्नावर इथे कर नसतो. शेअर विकायचेच असतील तर ती खिडकी वाया घालवू नका. पूर्ण निवासी झालात की रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, शेड्यूल एफए, भरावंच लागतं. नफा झाला नाही, विकले नाहीत, तरी. आणि ते कॅलेंडर वर्षाने, जानेवारी ते डिसेंबर, इथे लोक हमखास चुकतात. काळा पैसा कायद्याखाली दंड दहा लाख रुपये आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून बाकीच्या परदेशी मालमत्तेची एकूण किंमत वीस लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सूट आहे, पण तुमचे १,१४० शेअर त्यात बसतील असं धरून चालू नका.

विक्रीचं असं आहे की परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर दीर्घ मुदतीचे, आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के. लिस्टिंग डब्लिनला की न्यूयॉर्कला याने भारताच्या दृष्टीने फरक पडत नाही, दोन्ही परदेशीच.

आता मिहीर यांनी नोंदणीचं सांगितलं त्याची गंभीर बाजू. कंपनी खरोखर अमेरिकन झाली, म्हणजे नोंदणीच तिकडे गेली, तर तिचे शेअर अमेरिकेतली मालमत्ता धरली जाते, आणि अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेला माणूस वारल्यावर ६०,००० डॉलरच्या वरच्या अशा मालमत्तेवर तिथला वारसा कर लागू शकतो, चाळीस टक्क्यांपर्यंत. भारत आणि अमेरिकेत या कराबाबत करार नाही. गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, नवऱ्याच्या कंपनीचे शेअर होते, त्यांना वाटायचं न्यूयॉर्कच्या बाजारात आहे म्हणजे हा कर लागणार. त्या रात्र रात्र झोपल्या नव्हत्या. आम्ही कंपनीचा नोंदणीचा देश काढून दाखवला, आयर्लंड, तेव्हा त्यांनी टेबलावरच डोकं टेकवलं. नुसत्या लिस्टिंगने हा कर लागत नाही, नोंदणीने लागतो.

---

विश्वास_ठाणे

छान चर्चा. आपल्याकडे भारतीय कंपनी असं बाहेर जाऊ शकते का? माझ्याकडे हिंदुस्थान युनिलिव्हर आहेत, २०१८ ला मला काही पत्रबित्र आलं नव्हतं.

---

स्मिता_सीए_पुणे

काका, तुमची कंपनी मुंबईतली, स्वतंत्र लिस्टेड. पालक कंपनीने घर बदललं तरी तुमचे शेअर मुंबईच्याच बाजारात, म्हणून पत्र नाही. भारतीय कंपन्या आजवर बाहेर गेल्या त्या एडीआर-जीडीआरच्या रूपाने (केदारच्या एडीएससारख्या पावत्या), इथलं लिस्टिंग ठेवून. जानेवारी २०२४ पासून गुजरातमधल्या गिफ्ट सिटीतल्या आंतरराष्ट्रीय एक्स्चेंजवर थेट शेअर लिस्ट करायची परवानगी आहे. सध्या वारं उलटं वाहतंय, बाहेर नोंदलेल्या आपल्या स्टार्टअप परत येतायत. फोनपे सिंगापूरहून आली तेव्हा गुंतवणूकदारांना साधारण ८,००० कोटींचा कर पडला. नोंदणी हलवणं किती महाग असतं ते त्यावरून बघा.

---

पराग_बी

मी वर घाईत लिहिलं होतं, ते मागे घेतो. लिस्टिंग आणि नोंदणी वेगळी हे मला आज कळलं. माझ्याकडेही ऑफिसचे शेअर आहेत, आज रात्री कागद काढून बसतो.

---

अनघा_लिमरिक

सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, खरंच भरून आलं. काल रात्री आम्ही दोघांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर पाकीट पसरलं आणि मिहीरदादांनी सांगितलं तसं पेन्सिलने शोधलं. नोंदणी आयर्लंडचीच राहणार असं पान १२ वर आहे. पण पान ८७ वर बारीक अक्षरात एक ओळ मिळाली, की संचालक मंडळ "भविष्यात कंपनीच्या रचनेचा पुन्हा विचार करू शकतं". नवरा त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसला.

ब्रोकरला फोन केला. मत कळवायची तारीख सभेच्या आठ दिवस आधी आहे, फॉर्मवर दोन दिवस लिहिलंय, सुलभाताई तुम्ही वाचवलंत. भारतात राहायला गेल्यावर खातं चालू ठेवणार नाहीत असंही त्यांनी सांगितलं, म्हणजे केदार म्हणतात तसं ते काम आतापासून लागणार. ट्रस्टकडच्या निम्म्या शेअर्सचं मत कोण देतं ते एचआरला सोमवारी विचारतोय.

विकत नाहीये. लिस्टिंगला हो म्हणायचं असं आमचं जवळजवळ ठरलंय, पण सभेत प्रश्न विचारता येतो तर मी तो लिहून ठेवलाय. पुढच्या पाच वर्षांत नोंदणी अमेरिकेला न्यायचा विचार आहे का, आणि असेल तर कर्मचारी भागधारकांच्या कराचं काय. सभा डब्लिनला सकाळी अकराला आहे, लिमरिकहून सातची गाडी पकडावी लागेल. मिहीरदादा, तुम्ही डब्लिनमध्येच असता तर सभेत उभं राहून प्रश्न विचारायला आधी नाव नोंदवावं लागतं का, की हात वर केला तरी चालतो?

---

मिहीर_डब्लिन

मी गेलो होतो तेव्हा दारावर कार्ड मिळालं होतं, प्रश्न विचारणाऱ्यांना वेगळ्या रंगाचं. पण तुमचे शेअर नॉमिनीकडे आहेत, म्हणून ब्रोकरकडून प्रतिनिधी म्हणून नेमल्याचं पत्र आधी मागवा, त्याशिवाय आत बसू देतील पण बोलू देणार नाहीत. ते पत्र मिळायला आठवडा लागतो, उद्याच सांगा.